सब-आउट नसलेल्या पॉवर्ड बुकशेल्फ स्पीकरना सबवूफर कसा जोडावा?

खर्जातला सा

एडिफायर आर१२८०डीबी ची जोडी वापरतो. ४ इंची वूफर, एका डब्यात ॲम्प्लिफायर आणि दुसरा डबा त्याला वायरने जोडलेला. पीसीवरून ऑप्टिकल केबल येते, टीव्ही लाइन-इनला आहे, मोबाईल ब्लूटूथवर. खोली १२ × १० फूट, उंची साडेनऊ फूट. इमारतीत दुसरा मजला, खाली शेजारी राहतात.

निम्मं ऐकणं शास्त्रीय, उरलेलं चित्रपटसंगीत आणि सिनेमे. गळ्याचा आवाज, सतार, हार्मोनियम याबद्दल समाधानी आहे, त्यामुळे स्पीकर बदलायचे नाहीत. फक्त खालचा भाग भरून काढायचा आहे. बजेट १५ हजारांच्या आसपास.

अडचण अशी की या मॉडेलला सब-आउट (सबवूफरला सिग्नल देणारा वेगळा जॅक) नाही. मग सबला सिग्नल कुठून द्यायचा? डाव्या स्पीकरला जाणाऱ्या वायरवरूनच घेतला तर चालेल का? आणि जुन्या ५.१ संचातला (पाच छोटे स्पीकर आणि एक सब) सब माळ्यावर पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

लाइन लेव्हल

सब जोडण्याचा अर्धा फायदा खरं तर तुमच्या आहे त्या स्पीकरना व्हायला हवा, आणि तो जोडणी विचारपूर्वक केली तरच होतो. म्हणून कोणता सब घ्यायचा हे ठरवण्याआधी सिग्नल कुठे फुटणार ते ठरवा.

आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. बंद डबा, जमिनीजवळ ठेवलेला, १ मीटरवर ९० डेसिबल असं धरून हिशेब केला तर ४ इंची पडद्याला ८० हर्ट्झला मधल्या जागेपासून एका दिशेला साधारण ३.७ मिलिमीटर जावं लागतं. ४० हर्ट्झला तेच १५ मिलिमीटर होतात. या आकाराचे वूफर जेमतेम ३ मिलिमीटरपर्यंत शिस्तीत चालतात. ८ इंची पडद्याचं ४० हर्ट्झचं काम साडेतीन मिलिमीटरमध्ये भागतं.

तुमच्या डब्याला समोर पोर्ट (हवेसाठीचं गोल भोक) आहे. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या आसपास तो पडद्याचं ओझं हलकं करतो. पण त्या सुराच्या खाली डब्यातल्या हवेचा आधारच सुटतो आणि पडदा मोकाट हलायला लागतो. बासचा नॉब पूर्ण वर नेला की कोणत्याही छोट्या स्पीकरचं हेच होतं. खालचे सूर वाढत नाहीत आणि त्याच पडद्यावरून येणारा गायकाचा आवाज मात्र गढूळ होतो.

तेव्हा करायचं ते असं: साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबकडे पाठवायचं (लो-पास) आणि तेवढंच स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलमधून काढून टाकायचं (हाय-पास). पहिला भाग प्रत्येक सब करतो. दुसरा फार थोडे करतात, आणि खरेदी करताना नेमका तोच विसरला जातो.

सगळ्यात सरळ जोडणी म्हणजे स्रोतातून लाइन सिग्नल (ॲम्प्लिफायरच्या आधीचा, क्षीण सिग्नल) सबच्या इनमध्ये, सबच्या लाइन-आउटमधून स्पीकरच्या लाइन-इनमध्ये. त्या आउटवर हाय-पास असायला हवा. उदाहरणार्थ प्रीसोनस एरिस सब ८ मध्ये ८० हर्ट्झच्या हाय-पासचा स्विच मिळतो. याउलट पोल्क पीएसडब्ल्यू१० हा १० इंची आहे आणि होम थिएटर रिसीव्हरसोबत चांगला चालतो, पण त्याला लाइन-आउट नाही, म्हणजे तुमच्या जोडणीत हाय-पासची सोय वेगळी करावी लागेल. दुकानात जाण्याआधी मॅन्युअल उघडून मागच्या पॅनेलचं चित्र बघा. आउटचे जॅक आहेत का, असले तर त्यांवर हाय-पास लागतो का, की आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे जातो? आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांचे) आहेत की पाव इंची जॅक, हेही बघा, केबल त्यानुसार लागेल.

या जोडणीची किंमत मोजावी लागते, ती आधीच सांगतो. आवाज कमी-जास्त करायचं काम यापुढे स्रोतावरून. स्पीकरचा नॉब सिग्नल फुटल्यानंतर येतो, त्यामुळे तो फिरवला की फक्त स्पीकर बदलतात, सब तिथेच राहतो आणि दोघांचा तोल बिघडतो. नॉब एका जागी ठेवून त्यावर चिकटपट्टीची खूण करा. रिमोटचंही तेच. ऑप्टिकल आणि ब्लूटूथ थेट स्पीकरच्या पोटात जातात, सबला त्यांचा पत्ता नसतो. टीव्हीचा हेडफोन जॅक मात्र इथे छान उपयोगी पडतो, कारण त्याचा आवाज टीव्हीच्या रिमोटवर चालतो. पीसी आणि टीव्ही दोन्ही हवे असतील तर सबच्या आधी साधा आरसीए सिलेक्टर बॉक्स लावा. त्यात फक्त स्विच असतो, वीज लागत नाही.

ज्यांनी अजून स्पीकर घेतलेलेच नाहीत त्यांच्यासाठी: याच मॉडेलच्या आर१२८०डीबीएस या प्रकाराला सब-आउट आहे. नावातला शेवटचा 'एस' बघून घ्या. सब-आउट असला की नॉब, रिमोट, ब्लूटूथ सगळं सबलाही लागू होतं, रोजच्या वापरात ही सोय मोठी आहे. तरीही सब-आउट आहे म्हणजे स्पीकरना हाय-पास मिळतोच असं समजू नका. स्वस्त स्पीकरमध्ये बहुधा सबला एक फाटा दिलेला असतो आणि स्पीकर पूर्वीसारखेच सगळे सूर वाजवत राहतात.

टाकाची पेन

डाव्या स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घ्यायच्या आधी थांबा. हल्लीच्या पॉवर्ड स्पीकरमधले बरेच ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्यात काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड (शून्य व्होल्टची सामाईक तार) नसतं, लाल आणि काळं दोन्हींवर सिग्नल असतो. असं काळं टर्मिनल सबच्या ग्राउंडला टेकलं की अर्धा ॲम्प्लिफायर शॉर्ट होतो. संरक्षण सर्किट असेल तर आवाज बंद पडेल, नसेल तर चिप जाईल.

तपासणी सोपी आहे. स्पीकर चालू, आवाज शून्यावर, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक स्पीकरच्या काळ्या टर्मिनलला, दुसरं लाइन-इन जॅकच्या बाहेरच्या कड्याला. शून्याच्या जवळ आकडा आला तर ते ग्राउंड असण्याची शक्यता आहे. काही व्होल्ट दिसले (बहुधा आतल्या सप्लायच्या निम्मे) तर ब्रिज आहे, त्या वाटेला जाऊ नका. टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

शून्य आलं तरी मी ती वाट सुचवणार नाही. बाहेर फक्त डावा चॅनेल येतो, उजवा ॲम्प्लिफायरच्या डब्यातच राहतो. बास पुष्कळदा दोन्हीकडे सारखा असतो, पण जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत वाद्यं एकाच बाजूला ढकललेली सापडतात. तिथे डग्गा उजवीकडे असला तर तुमच्या सबला तो ऐकूच येणार नाही.

लाइन-आउट नसलेला सब घ्यायचा ठरला तर हाय-पास दोन कपॅसिटरमध्ये होतो. स्रोतापासून प्रत्येक चॅनेलला वाय-केबल, एक फाटा सबला, दुसरा स्पीकरला. स्पीकरकडच्या फाट्यात मधल्या तारेला एक फिल्म कपॅसिटर मालिकेत. मूल्य स्पीकरच्या इनपुट इंपीडन्सवर (आत येणाऱ्या सिग्नलला होणाऱ्या विरोधावर) ठरतं: १० किलोओहम असेल तर ०.२२ मायक्रोफॅरड, २२ किलोओहमला ०.१, ४७ किलोओहमला ०.०४७. तिन्ही वेळा फिल्टर ७२ हर्ट्झच्या आसपास लागतो. उतार सप्तकामागे फक्त ६ डेसिबल, म्हणजे हळुवार. तरी ४० हर्ट्झला पडद्याची हालचाल निम्म्याहून कमी होते, आणि ते पुरेसं जाणवतं.

इनपुट इंपीडन्स मॅन्युअलमध्ये नसेल तर मोजा. स्पीकर चालू ठेवून त्याचा नॉब शून्यावर आणा. पीसीवरून १०० हर्ट्झचा सूर वाजवा, पीसीचा आवाज वर ठेवा म्हणजे मीटरला वाचण्याजोगे व्होल्ट मिळतील. स्पीकरच्या इनपुटवर एसी व्होल्ट मोजा. मग मधल्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर घालून त्याच जागी पुन्हा मोजा. १ व्होल्टचा अर्धा झाला तर इंपीडन्स १० किलोओहम, ०.६७ झाला तर २० किलोओहम. स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झला चुकीचं दाखवतात, म्हणून १०० हर्ट्झच घ्या. ज्या मीटरची सगळ्यात खालची एसी रेंज २०० व्होल्ट आहे तो इथे कामाचा नाही.

कपॅसिटर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन, ६३ किंवा १०० व्होल्टचा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. दोन्ही चॅनेलला एकाच पाकिटातले घ्या. सगळं छोट्या धातूच्या डबीत बसवून डबी केबलच्या ग्राउंडला जोडा, नाहीतर बाहेरची गुणगुण आत येईल.

आणखी एक नेहमीची चूक. सबला एकच आरसीए इन असेल तर डावा आणि उजवा वाय-केबलने एकत्र पिळून देऊ नका. दोन आउटपुट एकमेकांच्या डोक्यावर बसतात, आणि वाय-केबलने स्पीकरलाही तोच सिग्नल जात असेल तर स्टिरिओही मोनो होऊन बसतं. प्रत्येक चॅनेलमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडा. आणि सबवर 'एलएफई' (सिनेमातल्या वेगळ्या बास चॅनेलसाठीचा) लिहिलेला इन असेल तर तो तुमच्यासाठी नाही. बहुतेक सबमध्ये तो आतला लो-पास वगळून जातो, पूर्ण सिग्नल दिला तर सबमधून निवेदकाचा आवाज येईल.

खर्जातला सा

दोघांचेही आभार. मल्टिमीटर लावला, काळ्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट दिसतात, म्हणजे तो विषय संपला.

पीसी डेस्कटॉप आहे, मदरबोर्डला मागे ऑडिओचे तीन जॅक आहेत (हिरवा, निळा, गुलाबी). पीसीवरूनच फिल्टर लावता येईल का? आणि जुना सब: डब्यातच ॲम्प्लिफायर आहे, मागे सहा आरसीए इन आणि पाच छोट्या स्पीकरचे आउट.

निळी पट्टी

पीसीवरून येतं, आणि कपॅसिटरपेक्षा कितीतरी चांगलं येतं. वर एक पैसा खर्च नाही.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट ५.१ करा. तीन जॅकच्या बोर्डवर तेव्हा जॅकची कामं बदलतात: हिरवा पुढचे दोन स्पीकर, निळा मागचे, गुलाबी सेंटर आणि सब. मागचा माइक जातो, पण कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर तो चालू राहतो. हिरव्यातून स्पीकरच्या लाइन-इनला, गुलाबीतून सबला. गुलाबीसाठी ३.५ मिलिमीटर स्टिरिओ पिनेची, दोन आरसीए फुटणारी केबल घ्या. बहुतेक बोर्डांवर लाल आरसीएवर सब असतो आणि पांढऱ्यावर सेंटर, काही ठिकाणी उलटं. विंडोजमधलं चाचणीचं बटण दाबून खात्री करा. मोनो पिनेची केबल वापरू नका, ती सबचाच संपर्क ग्राउंडला टेकवते.

ऑप्टिकल केबल मात्र काढावी लागेल. ऑप्टिकल हे विंडोजला वेगळं उपकरण दिसतं, शिवाय स्पीकरच्या आतल्या डिजिटल प्रक्रियेचा उशीर सबपर्यंत पोचत नाही. ५ मिलिसेकंदांचा फरक ८० हर्ट्झला १४४ अंशांचा होतो, म्हणजे क्रॉसओव्हरपाशी (स्पीकर आणि सब यांची हद्द जुळते तिथे) दोघं एकमेकांना जवळजवळ खोडतात. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून स्पीकर आणि हेडफोन जॅकमधून सब, अशी जोडणी लोक करतात, तिथेही हेच बिघडतं.

आता इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर टाका, कॉन्फिगरेटरमध्ये फक्त तुमच्या आउटपुटवर खूण करा, पीसी पुन्हा सुरू करा. एडिटरमध्ये क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात वर प्रीॲम्प (सगळ्या चॅनेलची एकूण पातळी) उणे ६ डेसिबल, कारण पुढे आपण चॅनेल मिसळणार आहोत आणि शिखरं कापली जाऊ नयेत. मग चॅनेलची नक्कल: सबमध्ये मूळ सब अधिक ०.५ डावा अधिक ०.५ उजवा. त्याच ओळीत डाव्यात आणि उजव्यात प्रत्येकी ०.७ सेंटर मिसळा. हे विसरलात तर ५.१ आवाजाच्या सिनेमात संवाद गायब होतील, कारण सेंटर चॅनेल जिथे जातो तिथे तुमचा स्पीकरच नाही. मागचे दोन चॅनेलही असेच ०.७ ने मिसळता येतात, तेव्हा प्रीॲम्प उणे ९ करा.

नकला झाल्यावर फिल्टर. डावा आणि उजवा निवडून ८० हर्ट्झचा हाय-पास, क्यू (फिल्टर किती टोकदार, त्याचा आकडा) ०.७०७, आणि हुबेहूब तोच फिल्टर दुसऱ्यांदा. दोन मिळून सप्तकामागे २४ डेसिबलचा उतार होतो. मग सब निवडून ८० हर्ट्झचा लो-पास, तसाच दोनदा. सबवरचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब शेवटपर्यंत वर न्या, नाहीतर एकाच कामाला दोन फिल्टर लागून मध्ये खड्डा पडेल. नकलांच्या आधी फिल्टर लिहिलेत तर स्पीकरसाठी कापलेलाच सिग्नल सबला जाईल आणि सब गप्प बसेल. 'सब चालतच नाही' अशा तक्रारीत पहिल्यांदा हेच बघायचं.

या वाटेची मर्यादा एवढीच की टीव्ही यात बसत नाही. टीव्हीसमोर बसून सिनेमे बघणार असाल तर वर सांगितलेला लाइन-आउट आणि हाय-पासवाला सबच घ्या. पीसीलाच टीव्ही एचडीएमआयने जोडलेला असेल तर विंडोजमध्ये आवाज मदरबोर्डवर ठेवा आणि फक्त चित्र टीव्हीवर पाठवा.

जुना सब आठवडाभर चाचणीसाठी जरूर लावा. छोटे पाच स्पीकर जोडू नका, फक्त सबच्या जागेचा आणि फिल्टरचा अभ्यास करा. मागच्या सहा इनपैकी सब असं लिहिलेल्यात पीसीचा सब द्या. या संचातले डबे बहुधा ६०-७० हर्ट्झच्या आसपास एकाच सुरावर जोर देतात आणि त्याखाली झपाट्याने संपतात, त्यामुळे प्रत्येक ठेका सारखाच 'धुम्' वाजतो. कायमचा ठेवू नका, पण नवीन सब कुठे ठेवायचा आणि शेजाऱ्यांना कितपत जातं, हे पैसे न घालता कळेल. (ज्यांच्याकडे डीव्हीडी होम थिएटरचा नुसता वायरवाला, विजेची पिन नसलेला सब आहे, त्यांना हे जमणार नाही. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.)

चार भिंती

जोडणी झाली, आता खोली. साध्या उपकरणांत बास कसा ऐकू येतो यात मोठा वाटा खोलीचा असतो, तरी लोक सब टेबलाखाली सरकवतात आणि विषय मिटवतात.

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दिशेचा पहिला घुमणारा सूर मिळतो. तुमच्या खोलीत १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६, साडेनऊ फूट उंचीला ५९. म्हणजे ५६ आणि ५९ जवळजवळ एकावर एक. भिंत, लादी, छत सगळं विटा-काँक्रीटचं, गळती कमी, त्यामुळे हे सूर जोरात आणि लांब घुमतील. सब कितीही चांगला आणला तरी.

या सुरांचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि त्या दिशेच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. हेच आपल्या कामाला येतं. सब १० फुटी भिंतीच्या मध्यावर ठेवला तर ५६ हर्ट्झचा सूर तो उठवूच शकत नाही. उंचीचा ५९ तो जमिनीवरून उठवेल, पण बसलेल्या माणसाचा कान साधारण १.१ मीटरवर, म्हणजे उंचीच्या मध्याजवळ, तिथे तो क्षीण असतो. उरला ४७. त्यासाठी खुर्ची १२ फुटांच्या नेमक्या मध्यावर नको (४७ नाहीसा होईल) आणि पाठीमागच्या भिंतीला टेकूनही नको (४७ अंगावर येईल). मागच्या भिंतीपासून चार-साडेचार फूट बघा. कोपऱ्यात सब सर्वांत मोठा वाजतो, म्हणून मोह होतो, पण तिथून तिन्ही सूर एकदम उठतात.

हिशेबावर पूर्ण विसंबू नका. दार, पलंग, कपाट यांनी आकडे सरकतात. सब तात्पुरता खुर्चीवर ठेवा, ४० पासून १०० हर्ट्झपर्यंत एकेक सूर किंवा चढती-उतरती बास गिटार वाजवा, आणि जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे तिथे गुडघ्यावर बसून कान जमिनीजवळ नेऊन ऐका. ज्या जागी सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सब, आणि खुर्चीत तुम्ही. रांगायला संकोच वाटतो, पण याहून खात्रीची पद्धत माइक घेतल्याशिवाय नाही.

सबवरचा फेजचा स्विच (सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारा) ८० हर्ट्झचा सूर स्पीकर आणि सब दोन्हींवर वाजवून ठरवा. ० आणि १८० पैकी ज्यावर खुर्चीत आवाज मोठा, ते ठेवा. दोन्हीकडे सारखाच वाटला तर दोघांत ९० अंशांचा फरक आहे. सब साधारण १ मीटर पुढे किंवा मागे सरकवा (८० हर्ट्झची लांबी ४.३ मीटर, तिचा पाव) आणि पुन्हा बघा.

पातळी ठरवताना सब शून्यावरून सुरू करा. ओळखीचं ध्वनिमुद्रण लावा, हळूहळू वाढवा, सब वेगळा ऐकू यायला लागला की थोडं खाली या. बंद केल्यावर 'काहीतरी गेलं' असं वाटलं पाहिजे, चालू असताना त्याच्याकडे लक्ष जाता कामा नये. पुरुष गायकाचा आवाज सबच्या दिशेने ओढला जात असेल तर क्रॉसओव्हर फार वर आहे, १०० च्या खाली आणा.

उरलेला ४७ हर्ट्झचा उंचवटा इक्वलायझर एपीओमध्ये उणे ६ डेसिबल, क्यू ५ असा कापा. मोजायचं असेल तर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा माइक. फोनच्या माइकवर खालच्या सुरांचा भरवसा धरू नका. आलेखात दिसणारे खड्डे वाढवून भरायला जाऊ नका. ६ डेसिबल वाढवायला चौपट शक्ती लागते, आणि त्या जागी भिंतीवरून परतलेली लाट तितकीच वाढून पुन्हा सगळं खोडते. खड्डा फक्त जागा बदलून जातो.

शास्त्रीय ऐकता म्हणून एक स्पष्ट सांगतो. काळी एकच्या षड्जाला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या खाली मैफिलीत फारसं काही घडत नाही. तिथे सबचा फायदा आणखी खालच्या सुरांपेक्षा स्वच्छतेचा: स्पीकर मोकळे झाल्याने डग्ग्याचा घुमारा आणि गळा एकमेकांत मिसळत नाहीत. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झ, तेव्हा चित्रपटसंगीतात फरक ठळक कळेल, आणि सिनेमात सर्वांत जास्त.

शेवटी खडखड. ३० ते १२० हर्ट्झ हळूहळू चढणारा सूर लावून घरभर फिरा. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, लोखंडी कपाटाचं दार, पंख्याचा वरचा कप, मांडणीतली स्टीलची ताटं यांतलं कोणीतरी नक्की बोलेल. खिडकीच्या खाचेत फेल्टची पट्टी, कपाटाच्या दाराला रबराचे ठिपके. बऱ्याचदा सबला दोष दिला जातो आणि वाजत असतं कपाट.

खर्जातला सा

जुना सब १० फुटी भिंतीच्या मध्यावर ठेवून पीसीच्या फिल्टरसह लावला. स्पीकरमधला गळा लगेच मोकळा झाला, हे अपेक्षेपेक्षा जास्त आहे. पण दोन प्रश्न. सब जोडल्यापासून सतत बारीक गुणगुण येते, गाणं थांबवलं तरी. आणि खालच्या शेजाऱ्यांसाठी काय करावं? सबखाली फोम पुरेल का?

लाइन लेव्हल

गुणगुण आधी. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे ५० किंवा १०० हर्ट्झची जाड गुणगुण आली की बहुधा ग्राउंड लूप (उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने तयार झालेलं वर्तुळ). बारीक किणकिण किंवा माउस हलवल्यावर बदलणारा आवाज असेल तर तो पीसीच्या आतला कचरा, त्याचा इलाज वेगळा: बाहेरचा यूएसबी साउंडकार्ड, आणि चॅनेल वेगळे करायचे असल्याने तो ५.१ चाच लागेल.

सबची सिग्नल केबल काढा. गुणगुण गेली नाही तर दोष सबच्याच ॲम्प्लिफायरमध्ये, जुन्या डब्यात सुकलेला फिल्टर कपॅसिटर हे नेहमीचं कारण. गेली, तर पीसी, स्पीकर आणि सब तिघांच्या पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. पुष्कळदा इथेच थांबतं. तरीही राहिली आणि टीव्हीही कुठेतरी जोडलेला असेल तर केबल टीव्हीची किंवा डिशची कोॲक्स तार सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. त्या तारेचं आवरण दुसऱ्या जागी अर्थ झालेलं असतं, लूप तिथून पूर्ण होतो. शांत झालं तर त्या कोॲक्सवर आयसोलेटर लावायचा.

ऑडिओ लाइनवर लावायचे स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटर सबच्या वाटेवर नकोत. त्यांच्या छोट्याशा ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या सुरांना लवकर भरतो, मग नेमका ४०-५० हर्ट्झचा भागच कमी आणि विकृत होतो. लावायचाच तर स्पीकरकडच्या वाटेवर लावा, तिथे ८० च्या खालचं तसंही नाही. आणि अर्थची पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. धातूच्या पॅनेलवर विजेचा फेज आला तर तुम्हाला वाचवणारी तीच एक तार आहे.

चार भिंती

फोम किंवा रबराचे पाय डब्याची थरथर लादीत उतरण्यापासून थोडी अडवतात, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या खडखडीला तेवढा फरक पडतो. ४०-५० हर्ट्झचा हवेतून स्लॅबला धडकणारा आवाज मात्र फोमने थांबत नाही, गालिचा आणि पडद्यांनीही नाही. त्यावर उपाय पातळीचाच. इक्वलायझर एपीओमध्ये दोन फाइल करून ठेवा, दुसरीत सब उणे ८ डेसिबल आणि ४५ हर्ट्झला हाय-पास. रात्री दहानंतर दुसरी. स्पीकरचा हाय-पास तसाच राहू द्या, नाहीतर काढलेलं ओझं पुन्हा ४ इंची पडद्यावर येईल.

आणि नवीन सब घेताना तुमच्या खोलीला ८ इंची पुरेल. १० इंचीचा मोठा डबा १० फुटी भिंतीच्या मध्यावर बसणार नाही आणि मग तो कोपऱ्यात जाईल, हे मला जास्त खटकतं. ऑटो-ऑनचा स्विच असेल तर कायम चालूवर ठेवा. हळू आवाजात तानपुरा एवढा कमी सिग्नल देतो की पुष्कळ सब जागेच होत नाहीत, आणि मध्येच तबला सुरू झाला की दोन सेकंद उशिरा उठतात.